बारा तासांची कोठडी

माझी भाची आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत ती आमच्याकडे आली ती खांद्याला शीट्सची लांबट नळी अडकवून आणि पडलेल्या चेहऱ्याने. तालुक्याच्या गावी एक सार्वजनिक ग्रंथालय उभारायचे, असा प्रकल्प तिला त्या सत्रात होता. तिने इमारत उघड्या पुस्तकाच्या आकाराची कल्पिली होती. दोन्ही बाजूंना पानांसारखे उतरते छप्पर, मधल्या शिवणीत प्रवेशद्वार. ज्युरीला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मॉडेलकडे क्षणभर पाहिले आणि विचारले, ‘‘हा कन्सेप्ट कुठून आला?’’ ती म्हणाली, ‘‘पुस्तकावरून.’’ त्यानंतर त्यांनी बाकीच्या शीट्सकडे पाहिलेही नाही.

हे सांगून झाल्यावर तिने मला विचारले, ‘‘मावशी, तू तर साहित्य शिकवतेस. स्फूर्ती कुठून येते ते तुमच्याकडे शिकवतात का?’’

शिकवतात. एम.ए.च्या प्रश्नपत्रिकेत या प्रश्नाला भरघोस गुण असतात. प्रतिभा, व्युत्पत्ती, अभ्यास ही त्रयी मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आले आहे. पण त्या दिवशी समोर बसलेल्या मुलीला त्यातले काय सांगावे हे मला सुचेना. काव्यहेतूंची चर्चा ही झालेल्या काव्याकडे मागे वळून पाहणारी चर्चा आहे. सोमवारी सकाळी कोरा बटर पेपर पसरून बसलेल्या विद्यार्थ्याला ती कितपत उपयोगी पडेल, याचा विचार आपण साहित्याचे अध्यापक क्वचितच करतो, कारण आपले विद्यार्थी कविता लिहिण्यासाठी वर्गात येत नाहीत. आर्किटेक्चरचे विद्यार्थी मात्र रचना करण्यासाठीच येतात. त्यांच्याकडून ठरलेल्या तारखेला, ठरलेल्या विषयावर कल्पना मागितली जाते, आणि तिला गुणही दिले जातात. ही मागणी मुळात कोणी आणि कशी सुरू केली, हे शोधण्यासाठी त्या सुट्टीत थोडे वाचन केले. पुढचे लेखन हे त्या वाचनाचे फळ. मी वास्तुकलेची विद्यार्थिनी नाही, हे आधीच सांगून ठेवते.

शोध घेत गेले की रस्ता पॅरिसला जाऊन पोहोचतो. चौदाव्या लुईचा मंत्री कोलबेर याने १६७१ मध्ये तिथे वास्तुकलेची राजकीय अकादमी स्थापन केली. राज्यक्रांतीत, १७९३ मध्ये, ती बरखास्त झाली, परंतु तिची शाळा टिकली आणि एकोणिसाव्या शतकात ‘एकोल दे बोझार’ या नावाने जगभर पसरली. पसरली असे म्हणायचे कारण असे, की अमेरिकेपासून अनेक देशांतल्या वास्तुकलेच्या शाळांनी तिचीच पद्धत कमीअधिक फरकाने उचलली.

या शाळेची गंमत अशी, की रचना शाळेत शिकवली जात नसे. शाळेत व्याख्याने होत, स्पर्धा होत, निकाल लागत. रचना शिकायची ती बाहेर, एखाद्या नामवंत वास्तुकाराच्या कार्यशाळेत, म्हणजे ‘आतलिए’त. गुरू आठवड्यातून एकदोनदा येऊन फेरी मारत, आणि बाकीचे शिक्षण जुने विद्यार्थी नव्यांना देत. नव्यांनी जुन्यांची चित्रे रंगवून द्यायची, शाई घोटायची, सरपण आणायचे, आणि हे करताकरता पाहत राहायचे. आपल्या संगीतातल्या गुरुगृहाची आठवण व्हावी अशी ही रीत होती.

स्पर्धेच्या दिवशी मात्र कोणीही सोबत नसे. विद्यार्थ्याला शाळेतल्या एका लहानशा कोठडीत बसवत. हातात विषयाचा कागद येई: एखादे न्यायालय, एखादे स्नानगृह, एखादे ग्रंथालय. नेहमीच्या स्पर्धेत बारा तासांची मुदत असे. पुस्तक नाही, गुरू नाही, मित्र नाही. त्या बारा तासांत त्याने आपल्या रचनेचे प्राथमिक रेखाटन करायचे. त्याला ‘एस्किस’ म्हणत. त्याची एक प्रत शाळेकडे जमा होई, दुसरी तो घेऊन जाई. मग पुढचे काही आठवडे आतलिएत बसून, गुरूचा सल्ला घेऊन, त्याच रेखाटनाचे मोठे, रंगवलेले, सावल्या भरलेले अंतिम चित्र करायचे. यातला मुख्य नियम असा, की अंतिम चित्र पहिल्या रेखाटनापासून तत्त्वतः ढळले तर विद्यार्थी स्पर्धेतून बाद. मग ते चित्र कितीही सुंदर असो.

हा नियम वाचल्यावर मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले. पहिल्या बारा तासांत जे सुचले त्याला दोन महिने बांधलेले राहायचे! मधल्या काळात अधिक चांगले सुचले तर? तर ते सोडून द्यायचे. ज्याला आपण लेखनात पुनर्लेखन म्हणतो, पहिला खर्डा फाडून टाकण्याचे जे स्वातंत्र्य आपण गृहीत धरतो, ते इथे नाहीच. विद्यार्थ्याने एक बाजू घ्यायची आणि ती शेवटपर्यंत लढवायची. फ्रेंच भाषेत बाजू घेणे, निर्णयाला येणे या अर्थाच्या वाक्प्रचारात ‘पार्ती’ हा शब्द येतो. तोच वास्तुकारांच्या बोलीत रचनेच्या मूळ निश्चयासाठी रूढ झाला. आज आपल्या महाविद्यालयांत ज्याला ‘कन्सेप्ट’ म्हणतात त्याचा हा एक पणजोबा. पणजोबा आणि पणतू यांच्या स्वभावात मात्र मोठा फरक आहे. ‘कन्सेप्ट’ म्हणजे कल्पना, तर ‘पार्ती’ म्हणजे निर्णय. पहिली सुचावी लागते, दुसरा घ्यावा लागतो.

(जाताजाता: अंतिम चित्रे गोळा करायला शाळेची हातगाडी फिरत असे, तिला ‘शारेत’ म्हणत. चित्र पुरे न झालेले विद्यार्थी गाडीबरोबर धावत, क्वचित गाडीवरच चढून, शेवटच्या रेषा मारत. एमिल झोलाच्या १८८६ मधल्या ‘लव्र’ या कादंबरीत द्युबुश नावाचा वास्तुकलेचा विद्यार्थी आहे, आणि आतलिएतल्या या शेवटच्या रात्रीच्या धांदलीचे वर्णन त्यात येते. आजही वास्तुकार सबमिशनच्या आधीच्या रात्रीला ‘शारेत’ म्हणतात. भाचीला हा शब्द ठाऊक होता, गाडी ठाऊक नव्हती.)

कोठडीतल्या विद्यार्थ्याजवळ काय असे? त्याने आजवर जे पाहिले, मोजले, नकलून काढले, दुसऱ्यांसाठी रंगवले, ते सारे. म्हणजे ही पद्धत स्फूर्तीवर विसंबून नव्हतीच. स्मरणाचा साठा ऐनवेळी उपयोगात आणता येतो की नाही, याची ती परीक्षा होती. इथे मला आमचा मम्मट आठवला. शक्ती, निपुणता आणि अभ्यास ही काव्याची तीन कारणे असे आपण वर्गात सांगून मोकळे होतो, पण मम्मटाने शब्द एकवचनी वापरला आहे आणि वृत्तीत त्यावर बोटही ठेवले आहे. तिन्ही मिळून एकच कारण. निपुणता येते ती लोकव्यवहार, शास्त्रे, आधीची काव्ये यांच्या अवलोकनाने, आणि अभ्यास होतो तो जाणत्यांच्या हाताखाली. पॅरिसची आतलिए ही अभ्यासाची जागा, कोठडी ही शक्तीची कसोटी. निपुणतेसाठी त्यांनी काय केले? सर्वांत गुणी विद्यार्थ्याला रोमला पाठवले.

‘रोम पारितोषिक’ हे या शाळेचे सर्वोच्च पारितोषिक. ते वर्षाला एकाला मिळे. विजेत्याने रोममधल्या विला मेदिचीत सरकारी खर्चाने काही वर्षे राहायचे, प्राचीन अवशेषांची मोजणी करायची आणि दरवर्षी आपले काम पॅरिसला पाठवायचे. १८२४ मध्ये हे पारितोषिक तेवीस वर्षांच्या आँरी लाब्रूस्तला मिळाले, सर्वोच्च न्यायालयाच्या इमारतीच्या रचनेसाठी. अकादमीचा हा लाडका मुलगा. पुढे जे घडले ते याच मुलाने घडवले, म्हणून त्याच्यापाशी थोडे रेंगाळायला हवे.

चौथ्या वर्षी विद्यार्थ्याने एखाद्या प्राचीन वास्तूचे ‘पुनर्रचनाचित्र’ पाठवायचे असा प्रघात होता. म्हणजे आज पडझड झालेली वास्तू मूळ कशी असेल याचे साधार कल्पनाचित्र. लाब्रूस्तने दक्षिण इटलीतले पेस्टम निवडले. हे ग्रीक वसाहतकारांचे गाव. तिथे तीन डोरिक मंदिरे उभी आहेत. त्याने ती काटेकोरपणे मोजली. मोजणीबद्दल कोणाची तक्रार नव्हती. तक्रार होती ती त्यावरून त्याने काढलेल्या निष्कर्षांबद्दल.

अकादमीचे मत असे, की ग्रीक मंदिर हा एक शुद्ध आदर्श. तो देशकालाने बदलत नाही. म्हणून तर त्याची नक्कल पॅरिसमध्ये करता येते. लाब्रूस्तने तिन्ही मंदिरांना एका कालक्रमात बसवले. त्याच्या मते सर्वांत जुने ते नेपच्यूनचे. वसाहतकार नुकतेच ग्रीसमधून आलेले, मातृभूमीची रीत त्यांच्या हातात ताजी, म्हणून ते सर्वांत ‘शुद्ध’. मग पिढ्या गेल्या, लोक तिथल्या मातीचे झाले, स्थानिक दगड आणि स्थानिक गरजा यांनी रूप बदलले, आणि त्यातून बाकीच्या दोन वास्तू झाल्या. ‘बॅसिलिका’ नावाने ओळखली जाणारी वास्तू तर मंदिर नव्हेच, गावकऱ्यांच्या सभेची जागा आहे, असे तो म्हणाला. तिच्या भिंतींवर त्याने चित्रे, टांगलेल्या ढाली आणि लेख काढून दाखवले. लोक जमतात, लढतात, जिंकतात, आणि त्याची नोंद भिंतीवर लिहून ठेवतात. आदर्श मंदिराच्या जागी त्याने नांदते गाव उभे केले.

१८२९ मध्ये ही चित्रे पॅरिसमध्ये आली आणि अकादमीचे स्थायी सचिव कात्रमेर द कँसी यांनी त्यांवर कडाडून टीका केली. रोममधल्या फ्रेंच अकादमीचे संचालक, चित्रकार ओरास व्हर्ने यांनी विद्यार्थ्याची बाजू घेतली. प्रकरण इतके पेटले, की ते वास्तुकलेच्या इतिहासात कायमचे नोंदले गेले. एका विद्यार्थ्याच्या गृहपाठावरून एवढे रण माजल्याचे दुसरे उदाहरण मला तरी आठवत नाही.

खरी मौज पुढे आहे. लाब्रूस्तचा कालक्रम चुकीचा होता. पुढच्या पुरातत्त्वीय संशोधनाने दाखवून दिले, की ज्या ‘बॅसिलिके’ला तो उत्तरकालीन सभागृह समजत होता ती तिघांत सर्वांत जुनी वास्तू आहे, इसवी सनपूर्व सहाव्या शतकातली, आणि ते हेरा देवीचे मंदिरच आहे. म्हणजे वादात सचिवमहाशय सर्वस्वी चुकीचे होते असेही म्हणता येत नाही. पण या चुकीच्या वाचनातून लाब्रूस्तला जी कल्पना मिळाली (वास्तू ही तिथल्या माणसांनी, तिथल्या काळाने लिहिलेली असते, आणि तिच्या भिंतीवर तो काळ वाचता येतो) ती त्याने आयुष्यभर सोडली नाही. साहित्याच्या इतिहासातही असे घडते. जुन्या ग्रंथाचा चुकीचा अर्थ लावून कवी स्वतःचे काही नवे लिहून जातात, आणि आपण टीपा देत बसतो.

पॅरिसला परतल्यावर १८३० मध्ये त्याने स्वतःची आतलिए काढली. ती १८५६ पर्यंत चालली. तिथे शिकत असलेल्या एकाही विद्यार्थ्याला त्या सव्वीस वर्षांत रोमचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले नाही. हे वाक्य आपण अध्यापकांनी दोनदा वाचावे. वेगळे शिकवण्याची किंमत बहुधा शिकणारे चुकवतात. तरीही मुले त्याच्याकडे येत राहिली.

याच काळात पॅरिसमध्ये एक कादंबरी गाजत होती. व्हिक्टर ह्यूगोची ‘नोत्र-दाम द पारी’, १८३१ ची. १८३२ च्या आवृत्तीत ह्यूगोने काही प्रकरणे वाढवली, आणि त्यांतल्या एकात कथानक थांबवून त्याने वास्तुकलेवर निबंधच लिहिला आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: मुद्रणकलेच्या आधी मानवजात आपले विचार दगडात लिहीत होती. प्रत्येक मंदिर, प्रत्येक कॅथीड्रल हा एक ग्रंथ होता. छापील पुस्तक आले आणि वास्तूचे हे काम संपले. कागद दगडापेक्षा स्वस्त, चपळ आणि, विचित्र वाटेल पण, अधिक टिकाऊ ठरला. वास्तुकलेचे इतिहासकार नील लेव्हिन यांनी असे मांडले आहे, की या प्रकरणाच्या बाबतीत ह्यूगोने लाब्रूस्तचे मत घेतले होते. आपल्या कलेचा मृत्युलेख एका कादंबरीकाराच्या हातून लिहिला जात असताना तो आधी वाचायला मिळालेला हा तरुण. त्याने त्याचे काय केले?

त्याने एक ग्रंथालय बांधले. १८३८ मध्ये सँत-जनव्हिएव्ह ग्रंथालयाचे काम त्याच्याकडे आले, आणि नवी इमारत वाचकांसाठी उघडली ती १८५१ मध्ये. लॅटिन क्वार्टरमधले, विद्यार्थ्यांच्या गर्दीचे हे ग्रंथालय त्याच वर्षापासून, म्हणजे १८३८ पासून, गॅसच्या दिव्यांच्या उजेडात संध्याकाळीही उघडे राहू लागले होते. दिवसा काम करणाऱ्या, खोलीत दिवा आणि शेगडी परवडत नसणाऱ्या मुलांसाठी ती मोठी सोय होती. नव्या इमारतीच्या दाराच्या दोन्ही बाजूंना लाब्रूस्तने पेटत्या दिवट्या कोरल्या. ज्याला रात्रीच्या वाचनाचे महत्त्व ठाऊक आहे त्याला त्यांचा अर्थ सांगावा लागत नाही.

आत खाली पुस्तकांची साठवण, आणि वर सबंध मजलाभर एकच एक वाचनदालन. दगडी भिंतींच्या कोषात लोखंडाचा सांगाडा, मधोमध बारीक बिडाच्या खांबांची रांग, त्यावर लोखंडी कमानी, आणि त्या झाकलेल्या नाहीत. लोखंड तोवर कारखाने, रेल्वे, बाजार यांत चाले. सार्वजनिक, प्रतिष्ठित वास्तूत ते असे उघडे दाखवणे धाष्टर्य होते. आगीचे भय आणि एकसंध मोठ्या दालनाची गरज यांना ते सरळ उत्तरही होते.

बाहेरून पाहिले तर इमारत जवळजवळ कोरडी वाटते. खांबांची रांग नाही, मोठे शिल्प नाही. वरच्या मजल्यावर कमानींची ओळ, आणि त्या कमानींतल्या खालच्या भिंतींवर नावे. ८१० लेखकांची नावे, कालक्रमाने, मोझेसपासून सुरू होऊन १८४८ मध्ये वारलेल्या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियसपर्यंत. आणि ही नावे कोरली आहेत त्याच भिंतीच्या आतल्या अंगाला पुस्तकांची कपाटे आहेत. म्हणजे ही भिंत एक सूची आहे. दगड आता स्वतः ग्रंथ असल्याचा आव आणत नाही, आत ग्रंथ आहेत एवढे तो सांगतो. ह्यूगोचे म्हणणे लाब्रूस्तने मान्य केले, आणि ते मान्य करूनच वास्तूला करण्याजोगे काम शोधून दिले. पेस्टमच्या त्या चुकीच्या सभागृहावर विद्यार्थिदशेत त्याने रंगवलेले भिंतीवरचे लेख वीसएक वर्षांनी पॅरिसच्या रस्त्यावर असे उतरले.

आणखी एक गोष्ट. लाब्रूस्तला इमारतीपुढे मोठी बाग हवी होती, झाडे आणि पुतळे असलेली. रस्त्याचा गलबला मागे टाकून वाचकाचे मन हळूहळू तयार व्हावे म्हणून. जागा नव्हती. तेव्हा त्याने प्रवेशदालनाच्या भिंतींवर वरच्या बाजूला झाडे रंगवून घेतली, आणि आपल्या लेखनात त्यावर मिश्कीलपणे म्हटले, की चित्रातल्या बागेचा एक फायदा असा, की तिथे निरनिराळ्या हवामानातली झाडे शेजारीशेजारी वाढू शकतात. मला हा माणूस इथे सर्वांत आवडला. कल्पना जागेशी अडली, तेव्हा त्याने ती फेकली नाही, आणि जागेवर लादलीही नाही.

राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त अर्थहरणाचे, म्हणजे दुसऱ्याचा अर्थ उचलण्याचे, प्रकार सांगितले आहेत ते इथे उपयोगी पडतात. (राजशेखराच्या पूर्वजाला ‘महाराष्ट्रचूडामणी’ म्हटलेले असल्याने आपल्याला त्याच्याविषयी थोडी अधिक आपुलकी.) आरशातल्या प्रतिबिंबासारखे, जिथे अर्थ तोच आणि फक्त शब्द हलवलेले. चित्रासारखे, जिथे थोडे संस्कार करून वस्तू वेगळी भासवलेली. दोन जुळ्या देहांसारखे, जिथे विषय निराळा पण साम्य दाट. आणि चौथा, परपुरप्रवेश: मुळाशी ऐक्य, पण बाकीची सारी मांडणी दूरदूरची. भारतीय काव्यशास्त्राने उसनवारी निषिद्ध न मानता तिची प्रतवारी केली, हे आपण विद्यार्थ्यांना पुरेसे ठासून सांगत नाही. पेस्टमपासून सँत-जनव्हिएव्हपर्यंतचा प्रवास या चौथ्या प्रतीचा आहे. भाचीचे ‘उघडे पुस्तक’ पहिल्या दोन प्रतींच्या मध्ये कुठेतरी. हे तिला सांगितले तेव्हा ती आधी रुसली, आणि मग तिने चारही नावे वहीत उतरून घेतली.

विसाव्या शतकात या परंपरेला आव्हान मिळाले ते जर्मनीतल्या बाउहाउसमधून (१९१९ ते १९३३). तिथल्या प्राथमिक अभ्यासक्रमातला एक प्रसंग हान्नेस बेकमन या विद्यार्थ्याने आठवणींत सांगितला आहे. योसेफ आल्बर्स वर्तमानपत्रांचा गठ्ठा घेऊन वर्गात आले, मुलांना ती वाटली आणि म्हणाले, यातून काहीतरी करा, पण कागदाचा मान राखून. शक्यतो कात्री, डिंक नको. काही तासांनी परत आले. मुलांनी किल्ले, विमाने, प्राणी केले होते. आल्बर्सनी ते सारे बालवर्गातले ठरवले. या वस्तू दुसऱ्या कशातही अधिक चांगल्या झाल्या असत्या. एका विद्यार्थ्याने मात्र कागदाला फक्त उभी घडी घातली होती आणि तो पंखासारखा उभा केला होता. आल्बर्सनी तो उचलून धरला. एरवी आडवा पडून राहणारा, एकाच बाजूने दिसणारा मऊ कागद आता स्वतःच्या कडेवर ताठ उभा होता. इथे कल्पना स्मरणातून न येता थेट पदार्थातून आली. बाउहाउसचे संस्थापक वाल्टर ग्रोपियुस १९३७ मध्ये हार्वर्डला गेले, तेव्हा त्यांनी हाच आग्रह बरोबर नेला: नवशिक्यावर इतिहासाचे दडपण आधीच नको, तो पुढे शिकवावा.

मला हा आग्रह पूर्ण पटत नाही. इतिहास काढून घेतल्यावर उरतो तो कोरा विद्यार्थी नव्हे. त्याच्या डोक्यात कालपरवा पाहिलेली चित्रे असतातच, फक्त त्यांचे वय आणि गाव त्याला माहीत नसते. पण घडीच्या कागदाचे उदाहरण विसरताही येत नाही.

मुंबईत या दोन्ही धारा एकापाठोपाठ आल्या. सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळेत (स्थापना १८५७) वास्तुकलेचे शिक्षण विसाव्या शतकाच्या आरंभी आकाराला आले. १९२३ ते १९४३ या काळात तिथे प्रमुख असलेले क्लॉड बॅटली विद्यार्थ्यांना जुन्या भारतीय वास्तूंच्या मोजणीला लावत. फुटपट्टी आणि दोरी घेऊन मंदिर, मशीद, वाडा यांच्या पायऱ्या, कोनाडे, खांब मोजायचे आणि कागदावर उतरवायचे. इंग्रज प्राध्यापकाने देशी मुलांना देशी वास्तू दाखवावी, यातला विरोधाभास उघड आहे, पण मोजणारे हात आपले होते.

आचऱ्याचे अच्युत कानविंदे (१९१६ ते २००२) याच शाळेत शिकले. मालवणजवळच्या त्या गावातून आलेला हा मुलगा १९४५ मध्ये सरकारी शिष्यवृत्तीवर हार्वर्डला, थेट ग्रोपियुसच्या वर्गात, गेला. १९४७ मध्ये परत आला. अहमदाबादेतली वस्त्रोद्योग संशोधन संस्थेची, म्हणजे ‘अटिरा’ची इमारत आणि पुढे आयआयटी कानपूरचा परिसर ही त्यांची कामे. ‘अटिरा’त ग्रोपियुसचा वर्ग दिसतो, कानपुरात आपले ऊन, सावली आणि वारा दिसू लागतात. आधी मोजणी, मग ती विसरण्याचे शिक्षण, आणि मग स्वतःच्या हवामानाने करून दिलेली आठवण, असा हा क्रम. पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण दोशीही जे.जे.चेच. ते १९५१ मध्ये ल कॉर्ब्युझिएच्या पॅरिसमधल्या कार्यालयात गेले आणि १९६२ मध्ये त्यांनी अहमदाबादेत वास्तुकलेची शाळा काढली. त्यांच्याविषयी स्वतंत्रपणे लिहायला हवे.

एकोल दे बोझारमधला वास्तुकलेचा विभाग १९६८ च्या विद्यार्थी उठावानंतर बंद झाला. कोठड्या गेल्या. आपल्याकडे मात्र एका बैठकीत सोडवायचा ‘टाइम प्रॉब्लेम’ अजून असतो. फक्त त्या बैठकीआधी जी वर्षे कोठडीत जाणाऱ्याच्या पाठीशी असत, ती आता सत्रांच्या गणितात बसत नाहीत. मग घाईने सुचते ते रूपक. कमळ, शंख, पंख, पुस्तक.

उघडे पुस्तक केवळ माझ्या भाचीलाच सुचले असे नाही, हे इथे नोंदवले पाहिजे. १९८९ मध्ये फ्रान्सच्या नव्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या स्पर्धेत दोमिनिक पेरो यांची रचना निवडली गेली: एका विस्तीर्ण चौकाच्या चार कोपऱ्यांत चार काचेचे मनोरे, प्रत्येक उघड्या पुस्तकासारखा काटकोनात वळलेला. १९९६ मध्ये ते वाचकांसाठी उघडले. मनोऱ्यांत पुस्तके आणि वाचक खाली, अशी मांडणी. काच आणि ऊन यांनी पुस्तकांचे काय होईल, हा प्रश्न आलाच, आणि मनोऱ्यांच्या आत लाकडी झडपा बसवाव्या लागल्या. दूरवरून ते पुस्तकासारखे दिसतात खरे. लाब्रूस्तचे ग्रंथालय तिथून फार लांब नाही, सीन नदीच्या त्याच काठावर.

मनोऱ्यांचे चित्र पाहून भाची प्रथम खूश झाली, मग झडपांचे ऐकून गप्प. दुसऱ्या दिवशी म्हणाली, ‘‘मावशी, तुमच्या गावच्या वाचनालयात जाऊ या?’’ गेलो. ती तीन संध्याकाळी तिथे बसली. तिच्या वहीतल्या नोंदी अशा: वर्तमानपत्रे वाचणारे आजोबा उभ्यानेच वाचतात, कारण बाकाजवळ उजेड नाही. बायका पुस्तक बदलतात आणि दारातच दहा मिनिटे बोलतात, तिथे बसायला काही नाही. स्पर्धापरीक्षांची मुले आठ वाजता वाचनालय बंद झाल्यावर घरी जात नाहीत, ती बाहेरच्या पायऱ्यांवर रस्त्याच्या दिव्याखाली बसतात, साडेदहापर्यंत. पायरीची उंची सहा इंच, रुंदी साडेदहा. तिने मोजली होती.

नव्या आराखड्यात पुस्तकाचे छप्पर गेले आहे. पायऱ्या रुंद झाल्या आहेत, त्यांवर पडवी आली आहे, आणि पडवीतल्या दिव्यांची जोडणी मुख्य इमारतीपेक्षा वेगळी ठेवली आहे, म्हणजे कुलूप लागल्यावरही ते चालू राहतील. पुढच्या महिन्यात पुन्हा ज्युरी आहे. पहिल्या शीटच्या डाव्या कोपऱ्यात ‘कन्सेप्ट’ असा मथळा देऊन एक चौकोन आखण्याची त्यांच्याकडे पद्धत आहे. परवा फोनवर म्हणाली, बाकी सगळे झाले, तो चौकोन तेवढा रिकामा आहे.